कोरकू आणि निहाली : वऱ्हाडातल्या दोन भाषा गेल्या, तर जंगलाचं ज्ञान कुठं जाईल?

अमरावतीकरांना सिपना हे नाव नवं नाही. त्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज शहरात आहे, आणि मेळघाटात गेलेल्यांनी सेमाडोहजवळ सिपना नदी पाहिलेली असते. पण सिपना म्हणजे काय, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. सागाच्या रानातून वाहते, म्हणून ती सिपना.

एवढा एक शब्द कळला की नदी कुठल्या जंगलातून येते हेही कळतं. अशी कितीतरी माहिती मेळघाटातल्या माणसांच्या बोलण्यात साठवलेली आहे. कुठलं झाड कधी फुलतं, कुठलं कंदमूळ उकळल्याशिवाय खायचं नाही, कुठल्या पाखराच्या ओरडण्यावरून काय ओळखायचं, यातलं बरंचसं कधीच कागदावर आलेलं नाही. ते कोरकूत आहे, आणि थोडं पश्चिमेला, बुलढाणा जिल्ह्याच्या सातपुड्यात, निहालीत आहे.

मेळघाट बातम्यांत येतो तो दोनच कारणांनी, वाघ आणि कुपोषण. तिथल्या भाषांची बातमी होत नाही. खरं तर जगभरातले भाषाशास्त्रज्ञ शंभरहून जास्त वर्षं ज्या कोड्यावर डोकं खाजवत आहेत, ते कोडं अकोल्याहून काही तासांच्या अंतरावर बोललं जातं.

आधी कोरकू समजून घेऊ

कोरकूतच 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसं. जगातल्या अनेक जमातींनी स्वतःला हेच नाव दिलं आहे.

ही भाषा मराठीची बोली नाही आणि हिंदीचीही नाही. गोंडीशीही तिचं नातं नाही, कारण गोंडी द्राविडी घराण्यातली. कोरकू मुंडा भाषांपैकी एक आहे. तिच्या बहिणी झारखंड, ओडिशा, बंगालमध्ये आहेत: संथाली, मुंडारी, हो. या सगळ्या मिळून ऑस्ट्रोआशियाई नावाच्या एका मोठ्या घराण्यात येतात, आणि त्याच घराण्यात कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामची व्हिएतनामीही आहे. आज बोलल्या जाणाऱ्या ऑस्ट्रोआशियाई भाषांमध्ये सर्वात पश्चिमेची भाषा कोरकू. म्हणजे या घराण्याचं एक टोक व्हिएतनामच्या किनाऱ्यावर आणि दुसरं सातपुड्यात.

खरं वाटत नसेल तर आकडे मोजून पाहा. कोरकूत एक ते पाच म्हणजे साधारण मिया, बारिया, अपाय, उपुन, मोनोय. संथालीत तीन म्हणजे पे आणि चार म्हणजे पोन. व्हिएतनामीत तीन 'बा' आणि चार 'बोन'. इतक्या अंतरावर, इतक्या हजार वर्षांनंतरही 'उपुन', 'पोन' आणि 'बोन' एकमेकांचे नातेवाईक असल्याचं कानाला कळतं. वाघाला कोरकूत 'कुला' म्हणतात, संथालीतही जवळपास तेच. मेळघाटात वाघाला मान देऊन 'कुलामामा' म्हणतात, तो शब्द मराठी माणसाने ऐकलेला असतो, पण तो झारखंडपर्यंत पोचतो हे माहीत नसतं.

व्याकरणही वेगळं आहे. मराठीत एकवचन आणि अनेकवचन, झालं. कोरकूत दोनांसाठी वेगळं रूप आहे, जसं संस्कृतात द्विवचन होतं. कुत्रा म्हणजे सिता, दोन कुत्रे म्हणजे सिताकिञ, आणि त्याहून जास्त असले की सिताकू. संस्कृतचं द्विवचन मराठीपर्यंत येता येता गळून गेलं. कोरकूचं द्विवचन मात्र धारणीच्या बाजारात आजही ऐकू येतं.

२०११ च्या जनगणनेत कोरकू ही मातृभाषा सांगणारे ७,२७,१३३ लोक होते. यातले बरेचसे मध्य प्रदेशात, बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर या भागांत. महाराष्ट्रात मुख्यतः अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी अकोला जिल्ह्यातले अकोट, तेल्हारा. सात लाख हा आकडा मोठा वाटतो, आणि तो आहेच. त्यामुळे कोरकूला 'मरणारी भाषा' म्हणणं चूक ठरेल. युट्यूबवर कोरकू गाणी शोधून पाहा, ढीगभर सापडतील. कोरकूचं दुखणं वेगळं आहे, त्याकडे पुढे येऊ.

निहाली : जिचं नातं कुणाशीच जुळत नाही

बुलढाणा जिल्हा जुन्या वऱ्हाडाचाच भाग. तिथल्या जळगाव जामोद आणि आसपासच्या भागात, सातपुड्याच्या कुशीत सोनबर्डी, चालठाणा यांसारखी गावं आहेत. तिथे राहणारे निहाल लोक स्वतःला 'काल्टो' म्हणवतात. त्यांची भाषा ती निहाली किंवा नहाली. बोलणारे सुमारे २,००० ते २,५००. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाची लोकसंख्याही याहून जास्त असते.

इंग्रज काळात भारताच्या भाषांची मोठी पाहणी झाली. जॉर्ज ग्रिअर्सन तिचे प्रमुख. तिचा मुंडा आणि द्राविडी भाषांवरचा खंड १९०६ मध्ये निघाला, तो नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी तयार केला होता. त्यांनी निहालीला कोरकूच्या शेजारी, मुंडा भाषांत बसवलं. वरवर पाहता ते बरोबर वाटतं, कारण निहालीत कोरकू शब्द भरपूर आहेत.

पुढे १९६२ मध्ये डच विद्वान एफ. बी. जे. कायपर यांनी निहालीवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यांनी एकेक शब्द घेऊन त्याचं मूळ शोधलं. शब्दसंग्रहाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कोरकूतून आलेला निघाला, काही द्राविडी, काही मराठी-हिंदीचा. पण सुमारे चौथा हिस्सा उरला, आणि त्याचं कुठल्याच ज्ञात भाषेशी नातं लागेना. हे उरलेले शब्द साधेसुधे, रोजचे आहेत. पाणी म्हणजे 'जोप्पो'. विस्तव म्हणजे 'आपो'. डोळा म्हणजे 'जिकी'. झाड म्हणजे 'अड्डो'. हे शब्द कुणी सहसा उसने घेत नाही. रेडिओ, तिकीट, पोलीस हे शब्द एका भाषेतून दुसरीत सहज जातात. पाणी आणि डोळा शेवटपर्यंत घरचेच राहतात. म्हणून बहुतेक अभ्यासक आज निहालीला 'एकाकी भाषा' मानतात. युरोपातली बास्क आणि गिलगिटमधली बुरुशास्की याच प्रकारातल्या.

निहालीतली मोजणी ऐकण्यासारखी आहे. एक म्हणजे 'बिदुम', हा त्यांचा स्वतःचा शब्द. दोन, तीन, चार यांत 'इर', 'मोठ', 'नाल' अशी मुळं येतात, आणि तमिळ किंवा कन्नड कानावर असेल त्याला 'इरंडु', 'मूरु', 'नालु' आठवतील. पाचाला मात्र 'पांचो', सरळ आपल्याकडचा. पाच बोटांत तीन भाषा. सातपुड्यात कोण कुणाचा शेजारी होता, कुणाशी बाजार होता, याचा इतिहास त्या पाच शब्दांत आहे, आणि तो दुसऱ्या कुठल्याही बखरीत मिळणार नाही.

एक शक्यता अभ्यासकांना भुरळ घालते. भारतात आर्य, द्राविडी आणि मुंडा भाषा येण्याच्या किंवा पसरण्याच्या आधी इथे जे लोक बोलत होते, त्यांच्या भाषेचा हा शेवटचा अवशेष असेल का? तसं सिद्ध झालेलं नाही. सोशल मीडियावर 'भारताची सर्वात जुनी भाषा' असा दावा दिसला तर शेअर करण्याआधी थांबलेलं बरं. पुरावा इतकंच सांगतो की तिचं नातं अजून सापडलेलं नाही.

'चोरांची भाषा' ही चिठ्ठी कुणी चिकटवली?

निहालीबद्दल आणखी एक गोष्ट सतत पुढे येते, की ही मुळात गुप्त भाषा होती, लुटारूंनी आपसात बोलण्यासाठी बनवलेली. याचा उगम इंग्रज काळातल्या नोंदींत आहे. त्या नोंदींत निहालांचा उल्लेख डोंगरातले लुटारू म्हणून येतो. कायपर यांनीही शब्दांची ही सरमिसळ गुप्त बोलीसारखी असू शकते, अशी शक्यता मांडली होती.

गुप्त बोली असतात हे खरंच आहे. आपल्याकडे व्यापाऱ्यांच्या आणि दलालांच्या अशा बोली होत्या. पण त्या बहुधा काही शब्द बदलतात, व्याकरण शेजारच्या भाषेचंच राहतं. निहालीला स्वतःची सर्वनामं, स्वतःची क्रियापदांची घडण आहे, आणि ती घरात आई-मुलांत बोलली जाते. गुप्त बोलीत कुणी मुलाला झोपवत नाही.

या चिठ्ठीचा परिणाम मात्र झाला. कोरकू समाजातही निहालांना खालचं स्थान मिळालं, आणि मेळघाटातले निहाल केव्हाच कोरकू बोलू लागले. ज्या भाषेवरून हिणवलं जातं ती भाषा बाजारात बोलायला माणूस कचरतो आणि पुढे मुलांनाही शिकवत नाही. जळगाव जामोदकडचे निहाल आता मराठी, हिंदी, कोरकू सगळं बोलतात, आणि तरुण पिढीचा कल मराठीकडे आहे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या अतिसंकटग्रस्त ४२ भाषांच्या यादीत महाराष्ट्रातली एकच भाषा आहे, निहाली.

भाषा आणि झाडपाल्याचा काय संबंध?

इथे एक रास्त शंका येते. भाषा बदलली म्हणून ज्ञान का जाईल? मोहाच्या झाडाला कोरकूत काही म्हणा, मराठीत मोह म्हणा, झाड तेच आणि त्याचा उपयोगही तोच.

याचं उत्तर शोधायला जगातला सर्वात भाषासमृद्ध प्रदेश उपयोगी पडतो, तो म्हणजे न्यू गिनी बेट. त्याच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात पापुआ न्यू गिनी हा देश आहे. लोकसंख्या महाराष्ट्राच्या तुलनेत अगदी थोडी, भाषा मात्र ८०० हून अधिक. यातल्या बऱ्याचशा भाषांना मिळून 'पापुअन' म्हणतात, पण ते एक घराणं नाही. त्यात अनेक वेगवेगळी घराणी आणि काही निहालीसारख्या एकट्या भाषाही आहेत.

२०२१ मध्ये रॉड्रिगो कामारा-लेरेट आणि जॉर्डी बास्कोम्प्टे या शास्त्रज्ञांनी उत्तर अमेरिका, वायव्य ॲमेझॉन आणि न्यू गिनी इथल्या २३६ भाषांमधली औषधी वनस्पतींची माहिती एकत्र केली. ३,५९७ वनस्पती, त्यांचे १२,४९५ औषधी उपयोग. त्यात दिसलं की तीन चतुर्थांशांहून अधिक उपयोग फक्त एकेकाच भाषेतल्या लोकांना ठाऊक आहेत. न्यू गिनीत हे प्रमाण ८४ टक्के. शेजारच्या खोऱ्यात तीच वनस्पती उगवते, पण तिथल्या लोकांना तो उपयोग माहीत नसतो. त्याहून विचार करायला लावणारा निष्कर्ष असा की यातल्या बहुतेक वनस्पती धोक्यात नाहीत. धोक्यात आहेत त्या भाषा. झाड जागेवर राहील आणि ते कशासाठी वापरायचं हे सांगणारा कुणी उरणार नाही.

त्याच वर्षी पापुआ न्यू गिनीचेच संशोधक आल्फ्रेड किक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माध्यमिक शाळांतल्या ६,१९० विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. या मुलांच्या घरांत मिळून ३९२ भाषा होत्या. आईवडिलांपैकी ९१ टक्के आपापल्या भाषेत अस्खलित होते, मुलांपैकी ५८ टक्के. एका पिढीत एवढी घसरण. आणि ज्या मुलांची भाषा कच्ची, त्यांना रानातल्या वनस्पतींचे उपयोग आणि शिकारीसारखी कौशल्यंही कमी येत होती. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच माणसाबरोबर फिरताना शिकल्या जातात. एक सुटली की दुसरीही सुटते.

शिवाय भाषा जगाची वाटणी आपापल्या पद्धतीने करते. न्यू गिनीतल्या कलाम लोकांच्या भाषेत 'याक्ट' या शब्दात उडणारे पक्षी येतात आणि वटवाघळंही येतात, पण कॅसोवरी हा उंच, न उडणारा पक्षी येत नाही. त्याचा गट वेगळा. मानववंशशास्त्रज्ञ राल्फ बल्मर यांनी १९६७ मध्ये नुसत्या या एका प्रश्नावर निबंध लिहिला, की कॅसोवरी हा पक्षी का नाही. पुढे त्यांनी कलाम समाजातल्याच इयान साएम माजनेप यांच्याबरोबर कलाम प्रदेशातल्या पक्ष्यांवर पुस्तक केलं, ते १९७७ मध्ये आलं. लेखक म्हणून पहिलं नाव माजनेप यांचं आहे. माहिती देणारा गावकरी आणि पुस्तक लिहिणारा साहेब ही विभागणी त्या पुस्तकाने मोडली. वऱ्हाडात अजून तसं पुस्तक व्हायचं आहे.

मेळघाटात कोण काय जाणतं?

मेळघाटातलं ज्ञान एका माणसाकडे नसतं. मोह वेचणाऱ्या बायकांना कुठलं झाड आधी गळतं, कुठल्याची फुलं जास्त गोड, हे झाडागणिक ठाऊक असतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. फुलं वाळवून खातात, त्यांची दारू होते, बियांचं तेल निघतं. चारोळी, बिबा, तेंदूपत्ता, धावड्याचा आणि सालईचा डिंक, प्रत्येकाचा हंगाम वेगळा आणि काढायची रीत वेगळी. डिंकासाठी झाडाला किती खोल चीर द्यायची, म्हणजे डिंकही मिळेल आणि झाडही जगेल, हे हाताला माहीत असतं. ते पुस्तकात वाचून येत नाही.

सागाच्या लाकडाचं तर मरणाशीही नातं आहे. कोरकू लोक मृताच्या स्मरणार्थ लाकडाचा कोरीव खांब करतात, त्याला 'मुंडा' म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरलेले असतात. 'सिडोली' नावाचा मृत्यूनंतरचा विधी त्याच्याशी जोडलेला आहे.

पिकांचंही तसंच. उतारावरच्या हलक्या जमिनीत कोदो, कुटकी, सावा घेतलं जायचं. सोयाबीन आलं आणि ही धान्यं मागे पडली. धान्य पेरलं नाही तर त्याच्या वाणांची नावं, मळणीचे शब्द, कांडताना म्हणायची गाणी, सगळं विनाकामाचं होतं. कोरकूचं दुखणं म्हटलं ते हे. बोलणारे लाखोंनी आहेत आणि वाक्यंही कोरकूतच बोलली जातात, पण वाक्यातली नामं हळूहळू हिंदी-मराठीची होत जातात. जनगणनेच्या आकड्यात ही झीज दिसत नाही.

गावात पूजाअर्चा करणारा 'भूमका' असतो आणि आजार पाहणारा 'पडियार'. झाडपाल्याचं ज्ञान बरंचसं यांच्याकडे. मात्र परंपरा म्हणजे सगळं सोनं, असंही नाही. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके द्यायचे, याला मेळघाटात 'डंबा' म्हणतात. यात बाळं दगावली आहेत, आणि चटके देणाऱ्यांवर गुन्हेही दाखल झाले आहेत. नोंद करणाऱ्याने झाडपाल्याबरोबर हेही लिहायला हवं. गोड गोड तेवढंच वेचलं तर तो दस्तऐवज न राहता जाहिरात होते.

आणि नोंद नसली म्हणजे काय होतं, याचं उदाहरण पक्ष्यांच्या जगात आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड विज्ञानाला १८७३ पासून माहीत होतं. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना मिळाला नाही, आणि तो नामशेष झाला असं अनेकांनी धरलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो नंदुरबारकडच्या शहादा भागात दिसला. नंतर मेळघाटातही सापडला, आणि आज मेळघाट हे त्याचं महत्त्वाचं घर मानलं जातं. ११३ वर्षं तो पक्षी सातपुड्यातच होता. हरवली होती ती पुस्तकातली नोंद.

गाव पायथ्याशी उतरलं की

मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वाघांसाठी माणसांची वर्दळ नसलेलं जंगल हवं, म्हणून आतली गावं बाहेर हलवायचं धोरण आलं. बोरी, कोहा, कुंड ही गावं या शतकाच्या सुरुवातीला उठली. पुढे अमोना, नागरतास, बारुखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा यांचं पुनर्वसन अकोला जिल्ह्यात अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूला झालं. २००८ पासून प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपयांचं पॅकेज होतं.

पुनर्वसनाला दोन बाजू आहेत. रस्ता, दवाखाना, शाळा जवळ येतात, आणि हे हवं असणारी कुटुंबं कमी नाहीत. पण अनेकांना जमीन, रोजगार आणि सोयींबद्दलची आश्वासनं पाळली गेली नाहीत असं वाटलं. काही गावकरी पुन्हा जंगलात परतले, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यात आणि सरकारी यंत्रणेत संघर्ष होऊन दोन्हीकडची माणसं जखमी झाली.

भाषेच्या अंगाने पाहिलं तर डोंगरातून काळ्या मातीत उतरलेल्या घरात काय घडतं ते समजायला मोठा अभ्यास लागत नाही. आजीला वीस प्रकारच्या रानभाज्या माहीत असतात. नव्या गावात त्या उगवत नाहीत. नातवाला दाखवायला समोर झाड नाही, मग शब्द सांगून उपयोग काय? कापसाच्या आणि सोयाबीनच्या शेतावर मजुरीला जायचं तर तिथे लागतात ते वऱ्हाडी शब्द. एका पिढीत घरातलं बोलणं कोरकू राहतं आणि त्यातलं रान निघून जातं. पुनर्वसनाच्या पॅकेजमध्ये घर, शेती, पैसा यांचा हिशेब होतो. या गोष्टीचा रकानाच नसतो.

म्हणूनच, गाव हलायच्या आधी त्या गावाच्या रानाची नोंद त्याच लोकांबरोबर फिरून करून ठेवणं हे पुनर्वसनाच्या कामातच धरायला हवं. तो फार खर्चाचा भाग नाही. एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा एवढा वेळ मात्र लागतो.

नोंद म्हणजे नेमकं काय करतात?

'भाषेचं दस्तऐवजीकरण' हा शब्द जड आहे, काम तसं हातापायाचं आहे.

जुनी पद्धत यादीची. अभ्यासक ओट्यावर बसतो, हात म्हणजे काय, पाणी म्हणजे काय, असं विचारत जातो. कोरकूचं पहिलं मोठं व्याकरण जॉन ड्रेक या मिशनऱ्याने लिहिलं, ते १९०३ मध्ये कोलकात्याहून निघालं. नंतर शिकागोचे नॉर्मन झाइड यांनी कोरकूच्या ध्वनिव्यवस्थेवर काम केलं. के. एस. नागराज यांचं कोरकू व्याकरण, कथा आणि शब्दसंग्रह १९९९ मध्ये आला, आणि निहालीवरचं त्यांचं पुस्तक २०१४ मध्ये. आशा मुंडले यांनी गोळा केलेला निहाली शब्दकोश १९९६ मध्ये छापला गेला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनी निहालीचं ध्वनिमुद्रणासह दस्तऐवजीकरण केलं आहे. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. या भाषांवर मराठीत वाचायचं असेल तर सुरुवात तिथून करता येते.

व्याकरणासाठी यादी चालते. निसर्गाच्या ज्ञानासाठी ती अपुरी पडते, कारण ओट्यावर बसून 'या झाडाला काय म्हणता' असं विचारायला झाडच समोर नसतं. शहरातला अभ्यासक फोटो दाखवतो. पण रानातला माणूस झाड ओळखतो ते सालीवरून, पान चुरगळल्यावर येणाऱ्या वासावरून, ते कुठल्या उतारावर उभं आहे त्यावरून. फोटोत यातलं काहीच नसतं. म्हणून चांगल्या कामात भाषाशास्त्रज्ञाबरोबर वनस्पतिशास्त्रज्ञही असतो आणि दोघं गावकऱ्यांच्या मागे मागे चालतात. बोलणं रेकॉर्ड होतं, वनस्पतीचा नमुना वाळवून हर्बेरियममध्ये जातो, आणि दोन्हींवर एकच क्रमांक पडतो. मग रेकॉर्डिंगचा शब्दन् शब्द उतरवून त्याचा अर्थ लावायचा, हे सर्वात वेळखाऊ.

लिपीची अडचण वेगळीच. कोरकू देवनागरीत लिहितात, पण कोरकूत काही शब्द खालच्या सुरात उच्चारले जातात आणि सुराने अर्थ बदलू शकतो. देवनागरीत सुराची खूण नाही. म्हणून आवाजाचं रेकॉर्डिंग हेच मूळ, लिहिलेलं ते त्याच्या आधाराला.

वही कुणाची?

रानातलं ज्ञान कागदावर आलं की ते कुणीही वाचू शकतो, औषध कंपनीसुद्धा. केरळातल्या कानी जमातीने 'आरोग्यपच्चा' या वनस्पतीची माहिती संशोधकांना दिली, त्यावरून 'जीवनी' नावाचं औषध बनलं, आणि १९९५ मध्ये उत्पादनाचा परवाना देताना मिळकतीतला वाटा कानी लोकांना देण्याचं ठरलं. असा वाटा देण्याचं हे जगातलं सुरुवातीचं उदाहरण मानलं जातं.

त्यानंतर २००२ चा जैवविविधता कायदा आला. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. कल्पना उत्तम. पण वर्षानुवर्षं काम रखडलं, आणि राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत ठरवून दंडाची तंबी दिल्यावर देशभर एकच घाई उडाली. घाईत भरलेल्या वह्यांत आंबा, लिंब, बाभूळ अशी सगळीकडे सारखी यादी येणं स्वाभाविक होतं. नोंदवहीत स्थानिक नावाचा रकाना असतो. कोरकू गावात त्या रकान्यात मराठी नाव लिहिलं गेलं तर नोंदवही भरते आणि नेमकं जे नोंदवायचं तेच राहून जातं. या वह्या एकदाच भरून कपाटात ठेवायच्या नसतात, त्यांत भर घालता येते. मेळघाटातल्या ग्रामसभांना ते आजही करता येईल, आणि गावातली शिकलेली मुलं मोबाइलवर आजी-आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करून सुरुवात करू शकतात. कुठली माहिती उघडी ठेवायची आणि कुठली गावापुरती, हे ठरवायचा अधिकार मात्र गावाचाच.

जनगणनेत निहाली का दिसत नाही?

२०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची कच्ची संख्या होती १९,५६९. छाननीनंतर अहवालात उरल्या १२१ भाषा. किमान १०,००० बोलणारे असल्याशिवाय भाषेचा वेगळा आकडा दिला जात नाही, बाकीच्या 'इतर'मध्ये जातात. निहाली बोलणारे दोन-अडीच हजार, त्यामुळे अधिकृत आकड्यांत ती दिसत नाही. तिच्या स्थितीबद्दल जे काही माहीत आहे ते मोजक्या अभ्यासकांनी गावात जाऊन काढलेलं.

पुढची जनगणना २०२७ मध्ये होते आहे. मातृभाषेचा प्रश्न तीतही असेल, आणि गणकाने उत्तर जसं सांगितलं तसंच लिहायचं असतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या घरात 'निहाली' असं उत्तर आलं आणि गणकाने 'मराठीच ना?' न म्हणता ते तसंच लिहून घेतलं, तर निदान कच्च्या यादीत तरी तो शब्द येईल.